एका अख्ख्या पत्र्यासाठी

तिला सगळे अस्तरताई म्हणत. कोट कुणीही शिवावा, पण आतलं अस्तर घालून घ्यावं ते तिच्याकडून, असा तिचा लौकिक होता. विटलेलं, फाटलेलं अस्तर ती हलक्या हातानं उसवायची, त्याचेच तुकडे पसरून नवं कापड बेतायची आणि असं बसवायची की म्हातारा कोटसुद्धा खांद्यावर ताठ उभा राहायचा. बाजारामागच्या गल्लीत बेकरीला लागून तिचं बैठं घर होतं. पुढची खोली शिवणाची, मागे स्वयंपाकघर. वर फळ्यांचा बुटका माळा आणि त्याच्यावर पत्र्याचं छप्पर.

शिवणाच्याच खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर, तिची आत्या असे. आत्यानं जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली होती. समोरच्यानं नुसतं ‘हॅलो’ म्हटलं की तो कोण, कुठला, आणि जेवून आलाय की भांडून आलाय, हे ती सांगायची. आता पाय चालत नव्हते, पण कान शाबूत होते. गिऱ्हाईक दारात चपला काढत खोकलं तरी ती आतून म्हणे, “अगं, तो करड्या कोटवाला आलाय, बाही उसवलेला.”

आणि एक धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता आणि ताई शाळेत होती. तिनं त्याला वाढवलं असं लोक म्हणत. खरं तर दोघं बरोबरच वाढली, फक्त ती आधी मोठी झाली. अभ्यासात त्याचं डोकं चालेना, तेव्हा तिनंच त्याला एका छपरं घालणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली लावून दिलं. कागदाचा साचा कापून मग पत्रा कापायचा, ही युक्ती त्याला तिच्या शिवणावरून सुचलेली. पुढे तो स्वतःच मिस्त्री झाला, लग्न करून नदीपलीकडे राहायला गेला. चाळिशी उलटली तरी ती त्याला ‘बाळ’च म्हणे आणि तोही चारचौघांत न लाजता ओ देई. घर वडिलांनी दोघांच्या नावे ठेवलं होतं. छपरावरचे जुने, गंजलेले पत्रे काढून त्यानं मागेच नवे, जाड पत्रे घातले होते. “ताई, आता तुझ्या डोक्यावर पन्नास वर्षं थेंब पडणार नाही,” असं तो म्हणाला होता आणि ते तिनं गल्लीत घरोघर सांगितलं होतं.

त्या गावची थंडी मोठी हट्टी, बर्फ पाडणारी. एकदा आली की पाहुण्यासारखी नाही, भाडेकरूसारखी राही. बोटं गारठली की सुई दिसते, पण हातात आहे की नाही ते कळत नाही. ताई मधूनमधून काखेत हात घालून बसायची. आत्या तर दोन गोधड्यांखालीही कुडकुडायची. शेवटी एका रविवारी भाऊ आला असताना ताई म्हणाली, “बाळ, आपण एक लोखंडी शेगडी घेऊ या का रे? धुराड्यासकट. मला ते नीट बसवलेलंच हवं. आत्या दिवसभर याच खोलीत असते.”

“ताई, मी असताना तुला कसली काळजी?” तो म्हणाला. “शेगडी मी आणतो, धुराडं मी बसवतो. तू फक्त हात शेकायला तयार राहा.”

आणि त्यानं आणलीही. काळीभोर, चार पायांची, पुढे काचेचं दार असलेली शेगडी. त्यानं ताईचीच टेप घेऊन मापं काढली, शेगडीखाली फरशी बसवली, फळ्यांना गोल भोक पाडून पाइप वर माळ्यात नेला. मग दिवसभर माळ्यावर आणि छपरावर त्याची खटपट चालली होती. संध्याकाळी त्यानं हाक मारली, “ताई, बाहेर ये, बघ!”

ती रस्त्यावर गेली. छपराच्या आढ्यापाशी चकचकीत पाइप उभा होता, वर छत्रीसारखी टोपी. तिनं मान वर करून डोळे भरून पाहिलं. बेकरीवाला दारात उभा होता, त्यालाही म्हणाली, “बघा हो, माझ्या भावानं केलंय.” बेकरीवाला हसला आणि “छान, छान” म्हणून आत गेला.

जाताना भावानं दोन गोष्टी बजावल्या. “लाकूड नको जाळूस, लाकडानं पाइप चोंदतो. दगडी कोळसाही नको. हा लाकडी कोळसा वापर, धूर होत नाही. आणि माळ्यावर जाऊ नकोस. पाइप तापतो, उगाच चटका बसेल.”

ती कशाला जाते माळ्यावर? गुडघे कुरकुरत होतेच. तिनं दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या.

खोली उबदार झाली. सुई झरझर चालू लागली. पण काही दिवसांनी ताईचं डोकं जड व्हायला लागलं. दुपार झाली की कपाळावर कुणी हात दाबून धरल्यासारखं. बाजारात चक्कर मारून आली की बरं वाटे. तिला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. आत्या पेंगायची, जेवण नको म्हणायची, एकदोनदा उलटीही झाली. ताईनं भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, “वय झालंय आत्याचं. आणि इतकी वर्षं गारठ्यात काढल्यावर उबेत झोप येणारच की. ताई, तुला सुखाचीसुद्धा काळजी वाटते.”

ती हसली. तिला पटलं.

मग एके दुपारी ती शिवलेला कोट पोचवायला गेली आणि परत येऊन पाहते, तर आत्या उशीवरून घसरलेली, तोंड उघडं, गाल मात्र गुलाबी, तरण्या मुलीसारखे. हाक मारली, हलवलं, उत्तर नाही. ताई ओरडत बाहेर धावली. बेकरीतल्या दोघांनी आत्याला उचलून पावाच्या गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं.

डॉक्टर बाई तरुण होत्या. आत्याच्या नाकावर प्राणवायूचा मास्क लावून त्यांनी ताईला विचारलं, “खोलीत शेगडी आहे का?”

“आहे.”

“धूर कुठे जातो?”

“वर. धुराडं आहे ना. माझ्या भावानं बसवलंय, तो छपराचा मिस्त्री आहे.”

“हे विषारी वायूनं झालंय. या वायूला वास नसतो, रंग नसतो. धुराडं चालू असेल तर असं व्हायला नको.”

तेवढ्यात भाऊ पोचला. धापा टाकत होता, चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं आत्याचा हात हातात घेतला. डॉक्टर बाईंनी त्यालाही तेच विचारलं. आत्याचा हात सोडून तो म्हणाला, “धुराडं पक्कं आहे हो. पण ही ताई खिडक्या गच्च लावून बसते. किती वेळा सांगितलं हिला, खिडकी थोडी उघडी ठेव म्हणून.”

तो हे इतक्या ठामपणे म्हणाला, की ताईला वाटलं, सांगितलंही असेल. आपणच विसरलो असू. डॉक्टर बाई तिच्याकडे वळून रागावल्या नाहीत, समजावून बोलल्या, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. तिनं मान खाली घातली. “चुकलं माझं,” ती म्हणाली. भावानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. “जाऊ दे ताई. मुद्दाम का केलंस तू?”

आत्या वाचली. घरी आली तेव्हा बोलत होती, खात होती. पण तिचे आवाज गोंधळले. ताईनं पाण्याचा पेला पुढे केला की ती म्हणे, “ठेव बाळ, तिथं ठेव.” खुद्द भाऊ आला तर त्याला विचारी, “कोण आपण? लाइनवर राहा.” आधी ताईला हसू आलं, मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं पदर तोंडात कोंबला. हे आपल्यामुळे, असंच तिच्या मनानं घेतलं होतं. आता ती खिडकी उघडी टाकून, शाल गुंडाळून शिवत बसे, आणि आत्याला हात जोडून म्हणे, “मला माफ कर गं.” आत्याला काय माफ करायचं ते कळत नसे. ती मान हलवी.

शाळेच्या बसचा ड्रायव्हर तिचं जुनं गिऱ्हाईक. एका सकाळी मुलांना सोडून तो आपला कोट न्यायला आला. दारातूनच म्हणाला, “ताई, आज शेगडी पेटवली नाहीत?”

“पेटली की. ये, हात शेक.”

तो आत आला, शेगडीपाशी उकिडवा बसला, निखाऱ्यांकडे पाहिलं. “चांगली रसरसलीय. मग ती वरची टोपी एवढी पांढरी कशी? आमच्या घरी तर पेटवल्याबरोबर टोपीवरचा बर्फ टपटप गळायला लागतो.”

ताईला आधी कळलंच नाही. मग हातातला कोट तसाच घेऊन ती बाहेर गेली. रात्रभर पडलेलं हिम पत्र्यावर होतं, पाइपावर होतं, टोपीवर तर जाड थरच होता. पाइपाच्या बुडाशीसुद्धा एक थेंब वितळलेला नव्हता. आणि पत्र्याच्या कडेखालून, भिंतीलगत, काहीतरी फिकट, थरथरतं बाहेर येत होतं. उन्हात तापलेल्या रस्त्यावर हवा हलते तसं.

तिनं चिमट्यानं निखारे बादलीत काढले आणि बादली अंगणात ठेवली. आत्याला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. मग ड्रायव्हरला शिडी धरायला सांगून ती माळ्याच्या झडपेतून वर गेली.

पाइप फळ्यांतून वर आला होता, हातभर उंच जाऊन कोपरासारखा वळला होता आणि तिथेच संपला होता. तारेनं वाशाला बांधलेला. त्याच्या तोंडासमोरचा वासा जळून काळा, मगरीच्या पाठीसारखा तडकला होता. वर पत्रा होता, अखंड. बोटभरही भोक नाही. छपरावर दिसणारा तो चकचकीत पाइप नुसता आढ्याला चिमट्यात धरून उभा केलेला होता. त्याच्याखाली काही नव्हतंच.

ती कितीतरी वेळ तशीच ओणवी राहिली. खालून ड्रायव्हर विचारत होता, “ताई, काय आहे? ताई?” तिनं पाइपाला हात लावला. तो अजून कोमट होता.

गडबड ऐकून बेकरीवाला आला. ती खाली उतरली, हात कोपरापर्यंत काळे. तिनं सांगितलं काय दिसलं ते. ऐकता ऐकता बेकरीवाल्याचा चेहरा उतरला.

“अहो, पण मी तसं नव्हतो म्हणालो,” तो म्हणाला. “मी त्याला एवढंच म्हटलं, उन्हाळ्यात घर माझ्याकडे यायचंच आहे, तर पत्रे अख्खे राहू देत. नवेकोरे पत्रे आहेत, मला गोदामावर घालता येतील. त्यावर तो म्हणाला, काळजी करू नका, एकाही पत्र्याला हात लावणार नाही. मला वाटलं, पाइप आढ्यावरच्या दोन पत्र्यांमधल्या फटीतून काढला असेल...” मग तिच्याकडे पाहून तो थांबला. “ताई, घराचं तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

ताई खाली बसली. तिच्या घराचा सौदा होत आला होता आणि ते तिला शेजाऱ्याकडून कळत होतं. तरी त्या क्षणी घराचं दुःख तिच्यापर्यंत पोचलंच नाही. दवाखान्यातला तो हात आठवत होता, पाठीवरून फिरलेला.

भाऊ गावाबाहेर दुसऱ्याच कुणाच्या गोदामाचं छप्पर घालत होता. ती चालत गेली. हात धुवायचं तिला सुचलं नव्हतं. तिला पाहून तो शिडीवरून हसत खाली उतरला. “ताई! इकडे कशी?” मग त्याची नजर तिच्या हातांवर गेली.

“माळ्यावर गेले होते,” ती म्हणाली.

त्यानं हातोडी हळूच खाली ठेवली.

“ताई, ऐक. एवढाच हिवाळा काढायचा होता. उन्हाळ्यात तुला आणि आत्याला मी माझ्याकडेच नेणार होतो. मागची खोली रंगवूनसुद्धा घेतलीय.”

“मला विचारलंस?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“मग शेगडी कशाला आणलीस? नाही म्हणायचंस. गारठ्यात काढलाच असता आणखी एक हिवाळा.”

“तू मागितलीस ना! तुला नाही कसं म्हणायचं?” तो कळवळून म्हणाला, आणि ते त्याला खरंच वाटत होतं, हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं. “वाटलं, माळा मोठा आहे, फटी आहेत, जाईल धूर इकडून तिकडून. कोळसा जाळायला सांगितला तो त्यासाठीच.”

“धूर दिसू नये म्हणून.”

त्यानं खाली ठेवलेली हातोडी पायानं बाजूला सारली.

“आत्याचं झालं तेव्हा तरी सांगायचंस. आम्ही त्यानंतरही त्याच खोलीत बसत होतो, बाळ. तू खोटं धुराडं उभं केलंस, ते एक वेळ राहू दे. पण डॉक्टर बाईंसमोर माझ्यावर ढकललंस.”

“मग काय माझं नाव सांगू?” तो एकदम ओरडला. वरचे मजूर खाली बघायला लागले. तो आवाज उतरवून म्हणाला, “माझा धंदा बसला असता, ताई. तुला कोण काय करणार होतं?”

तिच्या नावाला काही होणार नाही, एवढाच हिशेब त्यानं केला होता. ती वळून चालू लागली. तो मागे थोडं आला, “ताई, मी उद्या येतो, पत्रा कापून नीट करून देतो,” म्हणाला. ती न थांबता म्हणाली, “तू येऊ नकोस.”

धुराड्यांची कामं करणारा एक म्हातारा गावात होता. नखांत कायम काजळी, म्हणून सगळे त्याला काजळीमामा म्हणत. तो आला, माळ्यावर चढला आणि बराच वेळ पाइप चाचपत राहिला. खाली आल्यावर म्हणाला, “कोणी केलंय हे?”

“का?”

“सांधे बघितले. इतकं सुबक काम गावात दोनतीन माणसंच करतील. शिकाऊ पोरानं चूक केली असती तर मी हसलो असतो. हे ज्याला येतं त्यानं केलंय.” मग तिच्याकडे पाहून तो ओशाळला आणि टेप शोधायला लागला.

त्यानं आढ्याशेजारचा पत्रा कापला. कात्री पत्र्यात शिरली तेव्हा बेकरीवालाच शिडी धरून उभा होता. “मला नकोत ते पत्रे,” तो आधीच येऊन सांगून गेला होता, “आणि तुम्ही मनापासून हो म्हणेपर्यंत घरही नको.” माळ्यातून जाताना मामानं दुहेरी पाइप घातला, मधे न जळणारी लोकर भरलेला, आणि लाकडापासून चांगला लांब ठेवला. पाइप मधे कुठेही न वळवता सरळ वर काढला, आढ्याच्याही वर. पत्र्यातून बाहेर पडतो तिथं शिशाच्या पत्र्याची घट्ट झालर बसवली, पाणी झिरपू नये म्हणून. बुडाशी काजळी काढायचं झाकण केलं. बाहेरची हवा आत यावी म्हणून भिंतीत खाली जाळी बसवली. वायू साठला तर किंचाळणारी छोटी डबी खाटेच्या उशाशी लावली.

“आता बघा,” म्हणून त्यानं शेगडीत ओला कागद पेटवला. मेणबत्ती घेऊन तो एकेका सांध्यापाशी ज्योत धरत गेला. ज्योत कुठेच हलली नाही. शेगडीच्या दारापाशी मात्र आत ओढली गेली. “हं. ओढ घेतेय,” तो म्हणाला. ताई बाहेर जाऊन उभी राहिली. टोपीतून दाट, पिवळट धूर निघाला, वाऱ्यानं वाकला आणि बेकरीच्या छपरावरून निघून गेला. गल्लीतल्या दोघीतिघी पाहत होत्या. त्यांना काही सांगावं असं तिला वाटलं नाही.

गावाला कळायचं ते कळलंच. ताईनं तोंड उघडलं नव्हतं, पण ड्रायव्हरच्या बसमध्ये शाळेतले सगळे मास्तर बसत. भावाची दोन कामं गेली. तेव्हा भावजय रडत आली, “तुम्ही एक शब्द बोललात तर लोक ऐकतील, ताई.” ताईनं तिला चहा दिला, तिच्या मुलीच्या कोटाचं अस्तर निघालं होतं ते तिथल्या तिथं टाचून दिलं. “तुझ्यावर माझा राग नाही,” ती म्हणाली. “पण त्याचं काम चांगलं आहे असं सांगायला मला आता तोंड नाही. चांगलं असतं, हे खरंय. तेच तर दुखतं.” भावजय पदरानं डोळे पुसत गेली.

एकदा ती दवाखान्यातही जाऊन आली. डॉक्टर बाईंना म्हणाली, “खिडकीचं तुम्हाला सांगितलं होतं, तसं नव्हतं ते.” त्यांना नेमकं आठवेना, पण त्या “बरं झालं सांगितलंत” म्हणाल्या. ताईला तेवढ्यानं जरा मोकळं वाटलं.

थंडी ओसरली, पुढचा पावसाळाही आला. एका जोराच्या सरीनंतर छपराची पन्हळ एका बाजूनं लोंबायला लागली. दुसऱ्या दिवशी भाऊ शिडी घेऊन आला, न बोलावता. कुणी सांगितलं कोण जाणे. “ताई, पन्हळ बघू का?” त्यानं अंगणातूनच विचारलं. त्याचे कानशिलावरचे केस पांढरे झालेले तिला दिसले. ती “बघ” म्हणाली.

त्यानं दुपारभर काम केलं. जुने आकडे काढून नवे ठोकले, सांधा पालटला, बादलीनं पाणी ओतून उतार तपासला. तिनं चहा नेऊन दिला. तो पायरीवर बसून प्याला. आत्या आतून म्हणाली, “कोण बोलतंय?” त्यानं कप पायरीवर ठेवला आणि शिडी उचलली. जाताना तो म्हणाला, “आता नाही गळायची, ताई.” ती म्हणाली, “बरं.”

तो गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत ती दारात उभी राहिली. मग चपला घालून काजळीमामाकडे गेली आणि सवडीनं येऊन पन्हळ बघून जा म्हणाली. मामा आला, वर चढला, हातानं हलवून पाहिलं. “चोख आहे,” तो म्हणाला. “मला कशाला बोलावलंत?”

“असंच,” ताई म्हणाली.

आता भाऊ अधूनमधून येतो. बिजागरी बसवतो, एखादी फळी ठोकतो, आत्यापाशी बसतो. आणि तो काही दुरुस्त करून गेला की ताई ते दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घेते. आजवर एकदाही खोट निघाली नाही. ती तपासून घेते, हे त्याला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक आहे की त्याला ठाऊक आहे. त्याबद्दल दोघं बोलत नाहीत.